साठ हजाराची पुडी आणि बाबांचं हृदय

गोव्यातल्या डिचोलीहून एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६७ वर्षांचे, निवृत्त मास्तर. चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. नंतरच्या तपासण्यांत व्हिटॅमिन डी ११ नॅनोग्रॅम, म्हणजे बरंच कमी, आलं, म्हणून आठवड्याला साठ हजार युनिटची पुडी सुरू झाली. आज चौदा आठवडे झाले. कधी थांबवायची ते कोणी सांगितलेलं नाही. मध्येच फोनवर एक मेसेज फिरत आला की ‘व्हिटॅमिन डी घेतल्याने हार्ट अटॅक निम्म्यावर’. आता घरात ठरू लागलंय की डी कमी होतं म्हणूनच ब्लॉकेज झालं, तेव्हा पुडी जन्मभर घ्यावी. शिवाय बाबांचे पाय दुखतात, तर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करावी. डी चालू आहेच ना! हे बरोबर का, असं त्या विचारतात.

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. आठवड्याची पुडी आता थांबवा. चौदा झाल्या, एरवी आठ पुरतात. कोलेस्टेरॉलची गोळी आणि स्टेंटनंतर रक्त पातळ राहण्यासाठी दिलेल्या दोन गोळ्या, यांतली एकही स्वतःच्या मनाने थांबवू नका. आणि बाबांचं ब्लॉकेज डी कमी असल्यामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. सत्तावीस वर्षं फोंड्याच्या बाजूला प्रॅक्टिस करतोय. डी ११ असलेले आणि हृदय ठणठणीत असलेले शेकडो लोक पाहिलेत, आणि डी ४० असूनही तीन-तीन स्टेंट घेऊन फिरणारेही.

पण हा संबंध कोणी हवेतून काढलेला नाही, हेही सांगायला हवं. डी हे नावालाच जीवनसत्त्व आहे, काम हार्मोनचं करतं. त्वचेत कोलेस्टेरॉलचंच एक भावंड असतं, त्यावर उन्हातले अतिनील-बी किरण पडले की डी तयार होतं. यकृतात जाऊन ते साठवणीचं रूप घेतं. रिपोर्टवर ‘२५-हायड्रॉक्सी’ लिहिलेलं असतं ते हेच. मग मूत्रपिंडात त्यावर शेवटचा हात फिरतो आणि ते कामाला लागतं. या हार्मोनला ओळखणारे रिसेप्टर हाडांत आणि आतड्यांत तर आहेतच, पण हृदयाच्या स्नायूत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही आहेत. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांमधला हा रिसेप्टरच काढून पाहिला. उंदरांचं रेनिन वाढलं, बीपी चढलं, हृदयाचा स्नायू जाड झाला. रेनिन म्हणजे बीपी वाढवणाऱ्या साखळीतला पहिला दुवा, ज्याच्या पुढच्या कड्यांवर रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या काम करतात. तेव्हा आम्हा डॉक्टरांचे कान टवकारले यात नवल नाही.

मग माणसांची आकडेवारी आली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या प्रसिद्ध अभ्यासातून निष्कर्ष निघाला. हृदयविकार नसलेल्या १,७३९ लोकांवर पाच वर्षांहून थोडा जास्त काळ लक्ष ठेवलं होतं. ज्यांचं डी १५ नॅनोग्रॅमच्या खाली होतं, त्यांना हृदयाचा त्रास होण्याचा धोका बाकीच्यांपेक्षा सुमारे ६२ टक्के जास्त निघाला. वाचून मी भारावलो होतो. पुढची चार-पाच वर्षं बीपीच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटला मी डीची तपासणी लिहीत असे, हे कबूल करतो. लोकांचे बरेच पैसे त्यात गेले.

चूक कुठे होती, ते आपल्याच वाड्यावरचं उदाहरण घेऊन सांगतो. एक आहे पाडेली. दिवसाला तीस-चाळीस माडांवर चढतो-उतरतो, उघड्या अंगाने, भर उन्हात. दुसरा दुकानाच्या गल्ल्यावर सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत बसून असतो. पोट सुटलेलं, शुगर वाढलेली, जेवायलाही घरी जात नाही, डबा येतो. दोघांची डी तपासा. पाडेल्याची चांगली येणार, दुकानदाराची कमी. दहा वर्षांनी अटॅक कोणाला येण्याची शक्यता जास्त? दुकानदाराला. पण तो येणार बसून राहण्यामुळे, शुगरमुळे, पोटामुळे. डी कमी असणं ही त्याच राहणीची एक खूण. त्यातून डी हे चरबीत विरघळणारं, त्यामुळे अंगावर चरबी जास्त असली की ते तिथेच अडकतं आणि रक्तातला आकडा खाली दिसतो. शिवाय अंगात कुठलीही मोठी जळजळ झाली, अगदी हार्ट अटॅक आला तरी, हा आकडा काही काळ घसरतो. बाबांचे ११ अटॅकनंतर मोजले होते, हे ध्यानात असू द्या. डी त्यांचं आधीपासूनच कमी असणार, पण किती कमी होतं ते त्या एका रिपोर्टवरून कळत नाही.

हा गुंता सोडवायचा एकच मार्ग होता: चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करायचे, एकाला डी द्यायचं, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि वर्षानुवर्षं थांबायचं. तेही झालं. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ या अभ्यासात २५,८७१ माणसं होती, रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून जास्त. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून डीच्या गटात ३९६ जणांना फटका बसला, पोकळ गोळीच्या गटात ४०९ जणांना. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. न्यूझीलंडमध्ये पाच हजारांवर लोकांना महिन्याला एक लाख युनिट दिले, तिथेही तेच. २०१९ मध्ये असे २१ अभ्यास, ८३,००० हून जास्त माणसं, एकत्र करून पाहिली. धोका दोन्हीकडे अगदी सारखा भरला.

आपल्याला जास्त जवळचा वाटावा असा अभ्यास ऑस्ट्रेलियातला. कारण त्यांनी दिली तीच आपली पुडी: साठ हजार युनिट, मात्र महिन्यातून एकदा. साठीच्या पुढचे २१,३१५ लोक, पाच वर्षांपर्यंत. २०२३ मध्ये निकाल आला. पोकळ गोळीवाल्यांपैकी ६.६ टक्के लोकांना हृदयाचा किंवा पक्षाघाताचा मोठा त्रास झाला, डीवाल्यांपैकी ६ टक्के लोकांना. फरक आहे, पण इतका बारीक की तो योगायोगानेही पडू शकतो. मी हा निकाल टाकून देत नाही, डोक्यावरही घेत नाही.

आता तुमच्याकडे आलेला मेसेज. तो साफ खोटा नाही, अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्याला उत्तर देणं जास्त कठीण जातं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत ‘टार्गेट-डी’ नावाचा अभ्यास मांडला गेला. युटा राज्यातला. ६३० रुग्ण, सगळे नुकतेच अटॅकमधून किंवा तशाच प्रसंगातून गेलेले, म्हणजे अगदी बाबांसारखे. एका गटात वारंवार रक्त तपासून, डोस कमीजास्त करून, डी ४० च्या वर ठेवलं. दुसऱ्या गटात तसं काही केलं नाही. मुख्य प्रश्न होता की मृत्यू, हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं आणि पक्षाघात मिळून फरक पडतो का. नाही पडला. पण दुसऱ्यांदा हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण तेवढं मोजलं तर डीच्या गटात ते निम्म्याच्या आसपास होतं. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच उचललं आणि मुख्य निकाल गाळला. सहाशे लोकांच्या अभ्यासात अशा उपप्रश्नाचं उत्तर अधूनमधून नशिबानेही असं येतं. मोठ्या अभ्यासात ते टिकलं तर मी आनंदाने मत बदलेन. एक मात्र पाहा, त्या अभ्यासातसुद्धा कोणी डोळे मिटून आठवड्याला पुडी फोडत नव्हतं. रक्त मोजूनच डोस ठरत होता.

हृदय कमजोर झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या पेशंटांबाबत थोडं वेगळं. जर्मनीतल्या ‘एविटा’ अभ्यासात अशा ४०० रुग्णांना तीन वर्षं रोज ४,००० युनिट दिले. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट हृदयाला यंत्राचा आधार लावण्याची वेळ डीच्या गटात जास्त जणांवर आली. बाबांच्या टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कमी असेल तर या बाबतीत आणखी सावध राहा.

एक प्रसंग मात्र असा आहे जिथे डी खरोखर हृदय वाचवतं. काही तान्ह्या बाळांचं डी इतकं कमी असतं की रक्तातलं कॅल्शियम कोसळतं आणि हृदय फुगून ढिलं पडतं. कॅल्शियम आणि डी दिलं की काही महिन्यांत ते हृदय पुन्हा सावरतं. लहान मुलांच्या डॉक्टरांना हे ठाऊक असतं. बाबांच्या ब्लॉकेजशी त्याचा संबंध नाही.

आता लोक मला नेहमी विचारतात तो प्रश्न: गोव्यात बारा महिने ऊन, मग डी कमी कसं? तुमचे बाबा पहाटे सहाला फिरायला जात असणार. मास्तर लोक जातातच. आणि आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं की कोवळं ऊन अंगावर घ्यावं, त्यात डी असतं. बाळालाही कोवळ्या उन्हातच धरतात. दुर्दैवाने कोवळ्या उन्हात ऊब असते, डी फारसं नसतं. सूर्य खाली असला की त्याचे किरण वातावरणातून तिरपे, लांबचा प्रवास करून येतात, आणि नेमके अतिनील-बी किरण वाटेतच गाळले जातात. फिरणं हृदयाला उत्तम, ते सोडू नका. पण त्या फिरण्याने डी वाढेल ही आशा सोडा.

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये आंगणात भिंडांची (कोकमांची) सोलं वाळत घालतात. ती सकाळी सहाला कोणी घालत नाही. दहा-साडेदहाला, ऊन चढलं की. त्वचेचंही तसंच आहे. आपल्याशी जवळजवळ एकाच अक्षांशावरच्या तिरुपतीत संशोधकांनी कुपीत ते कोलेस्टेरॉलचं भावंड भरून दिवसभर उन्हात ठेवून पाहिलं. सर्वात जास्त डी सकाळी ११ ते दुपारी २ या वेळात तयार झालं. गोव्यात हे थोडं आणखी पुढे सरकतं. आपली घड्याळं चालतात प्रयागराजच्या (जुन्या अलाहाबादच्या) बाजूच्या रेखांशावर, आणि आपण आहोत पश्चिमेच्या टोकाला. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, मोसमाप्रमाणे सव्वाबारा ते पावणेएकच्या दरम्यान. घड्याळ बघायचं नसेल तर सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली म्हणजे कामाचं ऊन आलं. डिसेंबरात ही वेळ फक्त दुपारची थोडीशी मिळते, मेमध्ये लांब.

आणि ऊन कातडीवर पडायला हवं. गाडीच्या काचेतून येणारं चालत नाही, साधी काचसुद्धा ते किरण जवळजवळ सगळे अडवते. पणजीला कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसने जाणारा कारकून खिडकीशी बसून घामाघूम होतो, पण त्याचं डी तयार होत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुलपॅन्ट, डोक्यावर छत्री; मग उरतात तळहात आणि चेहरा. आपली सावळी कातडी मुळातच किरण अडवते, म्हणून गोऱ्या टुरिस्टाला मिरामारच्या किनाऱ्यावर दहा मिनिटांत मिळतं ते मिळवायला आपल्याला कितीतरी जास्त वेळ उन्हात काढावा लागतो. वयोमानाने कातडीची ही क्षमताही घटते. त्यात जून ते सप्टेंबर ढग. दिवाळीत तपासलेलं आणि मेमध्ये तपासलेलं डी सारखं येत नाही ते याचमुळे.

पण म्हणून बाबांना मे महिन्यात भर दुपारी आंगणात उभं करू नका. चार महिन्यांपूर्वी अटॅक आलेला माणूस, बीपीच्या गोळ्या चालू, घाम गेला की भोवळ येऊन पडायचे. पावसाळा सरला की अकराच्या सुमारास, डोकं झाकून, हात आणि गुडघ्याखालचे पाय उघडे ठेवून वीसेक मिनिटं, पाणी जवळ. रोज नाही जमलं तरी आठवड्यातून तीन-चारदा. तुळशीला पाणी घालणं त्या वेळेवर ढकललं तरी झालं.

जेवणातून थोडं मिळतं. बांगडे, तारली, पेडवे या तेलकट माशांत डी असतं, शिवाय हृदयाला चांगली मानलेली ओमेगा-३ चरबीही. तारली-पेडवे काट्यांसकट खाल्ले तर कॅल्शियमही. मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, खारं मासं निघतं. बीपी असेल तर ते जपून. एका जेवणातल्या सुक्या बांगड्याचं मीठ रात्रीच्या बीपीत दिसतं, हे मी पेशंटांच्या वहीत पाहिलेलं आहे. तुमच्याकडे शाकाहार असेल तर अंडं चालत असल्यास त्यातला बलक, नाहीतर गोळी. नाचणी कॅल्शियमला उत्तम, पण तिच्यात डी नाही.

आता जन्मभर पुडी या कल्पनेकडे येतो, कारण मला खरी काळजी तिची वाटते.

काही वर्षांपूर्वी पेडण्याच्या बाजूच्या एक सत्तरी ओलांडलेल्या बाई माझ्याकडे आल्या. घरच्यांना वाटत होतं पक्षाघाताची सुरुवात. बाई सुस्त होत्या, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होत्या, पण हातापायांतली ताकद दोन्हीकडे सारखी होती. सून म्हणाली, दोन आठवडे झाले, सारख्या पाणी पितात, रात्री चारदा उठतात, पोट साफ होत नाही. शुगर तपासली, नॉर्मल. ईसीजीवर मला एक लाट जरा लवकर संपल्यासारखी वाटली. कॅल्शियम मागवलं. आलं १३.४. साडेदहाच्या वर गेलं तरी आम्ही कान टवकारतो. मी सुनेला म्हटलं, घरी जाऊन आईंच्या सगळ्या गोळ्या घेऊन या, रिकाम्या पाकिटांसकट. संध्याकाळी तिने प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. डीच्या पुड्यांची रिकामी पाकिटं, मी मोजली, त्रेचाळीस. चिठ्ठीवर लिहिलं होतं आठवड्यातून एक. औषधाच्या पाकिटावर कोणीतरी पेनाने लिहिलं होतं ‘सकाळी १’. बाई शिस्तीच्या, एकही दिवस चुकवला नाही. वर कॅल्शियमच्या गोळ्या, आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी अशी एक गोळी जी कॅल्शियम शरीरातच धरून ठेवते. डीचा आकडा १५० च्या वर गेला होता, मशीनने पुढचा आकडा दिलाच नाही. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही चढलं होतं.

सलाईन दिली, तिन्ही गोष्टी बंद केल्या. पण डी चरबीत साठतं, एका रात्रीत धुऊन जात नाही. कॅल्शियम जागेवर यायला कित्येक आठवडे गेले. बाई वाचल्या. त्या डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळीवर असत्या तर गोष्ट वेगळी झाली असती. डिगॉक्सिन आणि वाढलेलं कॅल्शियम एकत्र आलं की हृदयाचे ठोके केव्हाही बिघडू शकतात.

साधा हिशेब करा. साठ हजारांची पुडी महिन्याला घेतली तर रोजचे २,००० युनिट पडतात. आठवड्याला घेतली तर साडेआठ हजार. मोठ्या माणसाने डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या पुढे जाऊ नये, अशी मर्यादा मानली जाते. म्हणून आठवड्याची पुडी हा भर घालण्याचा डोस आहे, ठरावीक काळापुरता. आणि एकदम मोठा डोस म्हणजे जास्त फायदा असंही नाही. ऑस्ट्रेलियातच म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले. २०१० मध्ये निकाल आला तो असा की त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं वाढलं.

पाय दुखण्याबद्दल. अनेकांना वाटतं की स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने, होणारं दुखणं डी दिल्याने जातं. मीही पूर्वी असं सांगत असे. ‘व्हायटल’मधल्याच २,०८३ जणांवर ते तपासलं गेलं, डी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोन्ही गटांत स्नायू दुखण्याची तक्रार ३१ टक्क्यांची. तरी डी ११ असताना मांड्या-कंबरेत ढिलेपणा येऊ शकतो आणि तो डी भरल्यावर जातो, तेव्हा बाबांना आता पूर्वीपेक्षा बरं वाटतंय का ते विचारा. नसेल तर सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉईड तपासून घ्या, आणि मग तुमचे हृदयरोगतज्ज्ञ गोळी बदलतील, डोस कमी करतील किंवा जोडीला दुसरी देतील. बंद करायची नाही. कारण तुलना करून पाहा. स्टॅटिनचे अभ्यास १,७०,००० लोकांवर झालेत, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे ४० ने खाली आणलं की मोठ्या त्रासांत २० टक्क्यांहून जास्त घट होते हे त्यांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. डीच्या बाजूने असं काहीही नाही. स्टेंट बसलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली असावं. बाबांचं किती आहे? प्रश्नात डीचा आकडा आहे, एलडीएलचा नाही, आणि मला तेच खटकलं.

खटकण्याचं कारण सांगतो. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीत मधुमेहाचं सर्वात जास्त प्रमाण गोव्यात निघालं: २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. चार मोठ्या माणसांत एकाहून जास्त! आपल्या हृदयांचं वैर ज्याच्याशी आहे तो हा. आणि माझ्याकडे माणसं येतात ती डीचा रिपोर्ट छातीशी धरून; एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, विचारलं तर ‘गेल्या चतुर्थीच्या आधी केलं होतं वाटतं’. डीच्या एका तपासणीच्या पैशांत एचबीएवनसी आणि कोलेस्टेरॉल दोन्ही होतं. धडधाकट माणसाने उगाच डी तपासत बसू नये, असा सल्ला अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेही (हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेनेही) २०२४ मध्ये दिला, आणि ३० च्या वर असलंच पाहिजे हा स्वतःचाच जुना आग्रह सोडून दिला. हाडांच्या दृष्टीने बहुतेकांना २० पुरे.

बाबांना मात्र डी हवंच होतं. ११ हा कुठल्याही मापाने कमी आहे, आणि साठीनंतर हाडं, स्नायू, तोल यांसाठी ते भरून काढणं योग्यच. ज्यांनी पुडी सुरू केली त्यांनी चूक केली नाही. थांबायची तारीख लिहायची राहिली, एवढंच.

तर या आठवड्यात असं करा. पुडी थांबवून डी, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासा. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर रिपोर्ट येईपर्यंत त्याही थांबवा. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड, म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणारं औषध, आहे का ते पाकिटावर वाचा, असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याच रक्तात एलडीएल आणि एचबीएवनसी करून घ्या. खूप तहान, मलावरोध, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर रिपोर्टची वाट न पाहता दाखवा. छातीत दुखलं तर डीचा विचारही मनात न आणता सरळ १०८ ला फोन करा.

कॅल्शियम ठीक आलं आणि डी वीस-तीसच्या पुढे असलं की तुमच्या डॉक्टरांना विचारून महिन्याला एक पुडी चालू करा, जेवणानंतर, दुधातून. दिवस १ तारखेचा ठेवा, पेन्शन आणायला बाबा बँकेत जातात तो. तेवढी तारीख मास्तर विसरणार नाहीत. आणि तुमच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा चौदा रिकामी पाकिटं सोबत न्या. चौदाच आहेत ना, ते घरी एकदा मोजून घ्या.